पुण्याच्या बाईचा आवाज

१

लग्न ठरलं तेव्हा तीर्थपुरीच्या मैत्रिणींनी बेबीनंदाला 'सिनेमावालीण' म्हणून चिडवून चिडवून जेरीस आणलं होतं. भोकरदनला आल्यावर कळलं, नवरा सिनेमावाला आहे खरा, पण त्याच्या सिनेमांत गाणी नाहीत आणि नट्याही नाहीत. केशव एका संस्थेत नोकरीला होता. संस्थेनं त्याला टीव्ही, व्हीसीआर आणि एक खिळखिळी जीप दिली होती. ती घेऊन तो गावोगाव जायचा आणि शाळेच्या खोलीत खिडक्यांना बारदानं लावून देशोदेशीच्या झगडणाऱ्या माणसांचे माहितीपट दाखवायचा. कुठं खाणीच्या तोंडाशी उपोषणाला बसलेल्या बायका, कुठं मोठ्या जहाजांनी मासळी ओरबाडून नेली म्हणून बंदर अडवणाऱ्या कोळिणी, कुठं झोपड्या पाडायला आलेल्या यंत्रापुढं आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या.

"शेवटी काय होतं ह्यांचं?" पहिली कॅसेट बघून तिनं विचारलं होतं.

"काही होत नाही. लढत राहतात," केशव म्हणाला. "तेच तर दाखवायचंय."

बेबीनंदा हे नाव आता माहेरापुरतं उरलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, केशवनं त्यावर अंगठीनं 'उमा' लिहिलं. सासूबाईंनी, म्हणजे रमाबाईंनी, ते आधीच ठरवून ठेवलं होतं. "आमच्या घरात हेच नाव चालतं," असं त्या म्हणाल्या होत्या, पण उखाण्यांच्या गोंधळात त्या बोलण्याकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

कॅसेटमधल्या बायका आपापल्या भाषेत बोलायच्या. संस्थेकडून इंग्रजी कागद यायचे, केशव त्यांचं मराठी करायचा, आणि ते मराठी कॅसेटवर चढवायचं काम उमाकडं आलं. दुपारची भांडी झाली की माडीवरच्या खोलीत जायचं, व्हीसीआरला माईक लावायचा, ठरलेलं बटण दाबायचं आणि वाचायचं. चित्र तसंच राहतं, आवाज तेवढा पुसला जाऊन नवा चढतो. जगातल्या सगळ्या गांजलेल्या बायका आता तिच्या तोंडानं बोलणार होत्या. घरात मात्र तिला अजून "हो" आणि "वाढू का" याच्या पलीकडं फारसं बोलायला मिळालं नव्हतं.

पहिल्याच दिवशी ती एका शब्दाला अडली.

"हे 'सोशिक' बराबर वाटत न्हाई," ती म्हणाली. "ह्या बायका कुठं सोसून राह्यल्या? त्यांनी तर फाटक तोडलंय. चिवट म्हणा की."

केशव हसला. "चिवट चामडं असतं. इंग्रजी तुला कळतं का मला? सोशिक. वाच."

रमाबाई जिन्यात उभ्या होत्या. "चांगला सबूद हाय," त्या म्हणाल्या. "बाईच्या जातीला शोभून दिसतो."

उमानं वाचलं. फाटक तोडणाऱ्या बायका भोकरदन तालुक्यात सोशिक ठरल्या.

२

तिचं वाचणं केशवला सपक वाटलं. त्यानं कपाटातून एक जुनी कॅसेट काढून दिली. "ही ऐक. पुण्याच्या बाईचा आवाज आहे, तिकडूनच तयार होऊन आली. ओरडत नाही, रडत नाही, तरी लोक हलतात. तसं जमव."

ती खाणीवरच्या बायकांची कॅसेट होती. उमा एकटीच ऐकत बसली. आवाज मऊ होता, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी जरासा खाली बसणारा. ऐकताना आपल्याशीच कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. उमाला हेवाच वाटला. मग तो आवाज म्हणाला, "आमी हितं उपाशी बसून राह्यलो, अन् मालक जेवून राह्यला."

उमाला हसू फुटलं. पुण्याची बाई आणि बसून राह्यलो!

रात्री जेवताना तिनं केशवला विचारलं. त्यानं भाकरीवरची नजर न काढता सांगितलं, "संस्थेनंच तसं बोलायला लावलं होतं. आपल्या लोकांना जवळचं वाटावं म्हणून." पटण्यासारखं होतं. उमाला पटलंही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तीच कॅसेट लावून बसली. घराला लागून चांगुणाबाईंची पिठाची गिरणी होती. दिवसभर तिची टुकटुक चालायची, भिंतीला कान लावला तर घरच दळून निघतंय असं वाटायचं. सवयीनं उमाला ती ऐकू येईनाशी झाली होती. आत्ताही ती मागं चालूच होती. अन् मधेच तिच्या ध्यानात आलं की गिरणी सकाळपासून बंद आहे. पट्टा तुटला म्हणून चांगुणाबाईंचे यजमान जालन्याला गेले होते. दळणाचा डबा तसाच परत आणून तिनं स्वतःच स्वयंपाकघरात ठेवला होता.

तिनं कॅसेट थांबवली. टुकटुक थांबली.

पुन्हा चालू केली. परदेशातल्या त्या उघड्या डोंगरावर, टोपीवाल्या बायकांच्या मागं, गिरणी टुकटुकायला लागली.

पुण्यात काय गिरण्या नसतात, तिनं मनाला सांगितलं. हजार असतील. बाई गिरणीशेजारी राहत असेल. शेजाराला कोण काय करणार? असं म्हणत ती पुढं ऐकत राहिली. आवाज म्हणत होता की आमची लेकरं थंडीनं कुडकुडतात. त्याच्या मागं कुणीतरी खोकलं. लांब, सुका, शेवटी घशात अडकणारा खोकला. आणि त्यामागून हाक आली, "उमे! ए उमे! दळण आलं का बघ!"

"आले," म्हणत उमा उठली आणि निम्मा जिना उतरली.

खाली कुणी नव्हतं. रमाबाई सकाळीच भाचीच्या घरी गेल्या होत्या. उमानंच आतून लावलेली दाराची कडी तशीच होती. घरात ती एकटीच होती. वर कॅसेट चालू होती. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून तिनं ऐकलं, तो मऊ, घोगरा आवाज माईकपासून लांब जात म्हणाला, "आले, आई."

३

पट्टा बसल्यावर उमा दळण घेऊन गेली. गिरणीत चांगुणाबाई एकट्याच होत्या, भुवयांपर्यंत पांढऱ्या.

"मावशी, माझ्या आधी आमच्या घरात उमा नावाची कोण होती?"

चांगुणाबाईंनी गिरणी बंद केली नाही. उलट जवळ आल्या, आवाजाच्या आडोशाला बोलता यावं म्हणून. "तुला सांगितलं न्हाई? तुझ्या बापाला तर ठावं हाय. केशवरावाची पहिली बायको. आष्टीची. माहेरचं नाव द्वारका. लई गोड बोलायची बाई, दळणाला आली की गिऱ्हाईक जायचं नाव घेईना."

"कुठंय ती?"

"गेली."

"वारली?"

"तसं कोण म्हनलं? गेली म्हनत्यात. दुपारची कुठंतरी निघून गेली. सासू सांगती तसं. आता चप्पल दारातच होती, ते मी बघितलं. पर मी काय, पिठातली बाई. आष्टीहून तिची माय आल्ती, सगुणाबाई. गल्लीत दारोदार विचारत फिरली. मंग थकली. मानूस किती दिवस विचारील?" त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "तू नीट ऱ्हाय. जास्ती बोलू नको. ती बोलायची."

पंचमीला वडील, कडूबा, न्यायला आले तेव्हा उमानं वाटेतच विचारलं. कडूबा एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिले. "बिजवर हाय हे ठावं होतं, बाई. मानूस शिकलेला हाय, नोकरी हाय. पहिली पळून गेली त्यात त्याचा काय दोष? आता उकरून काढशील तर तुझ्या धाकट्या बहिणींचं कसं व्हायचं?"

सण झाल्यावर त्यांनीच तिला परत आणून सोडलं. जाताना रमाबाईंना नमस्कार करून म्हणाले, "पोर शांत हाय आमची. सोशिक हाय."

४

संस्थेच्या औरंगाबादच्या साहेबांनी आष्टीला महिला मेळावा ठरवला. केशव जिल्हाभर फिरला होता, पण आष्टीचं नाव निघालं की जीप नादुरुस्त असायची. ह्यावेळी साहेब स्वतः येणार होते आणि त्यांनी सांगितलं होतं, कॅसेटला आवाज देणाऱ्या ताईंनाही आणा.

केशवनं जुन्या सगळ्या कॅसेटी माडीवर आणून ठेवल्या. "ह्यांचा आवाज खराब झालाय. सगळ्यांवर तुझा चढव. मेळाव्याच्या आत."

उमाला आता काही विचारायचं राहिलं नव्हतं. ती रोज दुपारी बसायची, बटण दाबायची, वाचायची. कोळिणी झाल्या, झोपड्यांपुढच्या म्हाताऱ्या झाल्या. वाचताना तिला कळायचं की ह्या क्षणी तिच्या तोंडून शब्द निघतोय आणि तिकडं एका बाईचा शब्द पुसला जातोय. कुणीतरी राहून गेलेल्या खोलीत झाडू मारल्यासारखं.

मग तिनं तपासायला म्हणून कोळिणींची कॅसेट लावली. तिचा स्वतःचा आवाज, पातळ, शाळकरी. पण ती श्वास घ्यायला थांबली होती तिथं दुसराच एक श्वास ऐकू आला. ती थांबायच्या थोडा आधी सुरू होणारा आणि तिच्या पुढच्या शब्दाखाली दबून जाणारा. व्हीसीआरचं हेड मळलं असेल, जुना आवाज पुरता पुसला गेला नसेल. तिनं केशवला सांगितलं. त्यानं कापसानं हेड पुसून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं झोपड्यांची कॅसेट तपासली. कागदावर लिहिलं होतं तसंच तिनं वाचलं होतं, तिला पक्कं आठवत होतं: "अशा ह्या सोशिक म्हाताऱ्या." कॅसेटवर तिच्याच पातळ आवाजात आलं, "अशा ह्या चिवट म्हाताऱ्या."

तिनं पुन्हा लावून बघितलं. चिवट. मनात होतं तेच तोंडून गेलं असेल, जीभ घसरते माणसाची. पण 'चिवट' म्हणताना तो आवाज शेवटी जरासा खाली बसला होता. उमाचा कधी बसत नाही.

शेवटची एक कॅसेट उरली. कुठल्याशा देशात सरकारनं रात्रीतून उचलून नेलेल्या मुलांच्या आया. त्या मुलांचे फोटो छातीशी धरून चौकात गोल गोल फिरतात आणि विचारतात, आमची लेकरं कुठं आहेत? द्वारकानं ह्या बायकांना आवाज दिला होता. उमा ऐकत राहिली आणि तिच्या मनानं एक गोष्ट घेतली. हिची माय आष्टीत आहे. तिनं हा आवाज ऐकला पाहिजे. इतक्या बायकांत, साहेबांसमोर, त्या म्हातारीनं विचारलं की केशवला उत्तर द्यावं लागेल. आणि ते उत्तर निघालं तर आपल्यालाही ह्या घरातून उठून जायला तोंड राहील. बापही परत आणून सोडू शकणार नाही. नाहीतर एखाद्या दुपारी आपल्यालाही 'गेली' म्हणतील.

तिनं सुरुवातीची चार वाक्यं आपल्या आवाजात चढवली, केशव तेवढीच ऐकतो म्हणून. मग बटण सोडलं, आणि उरलेला सगळा कागद नुसत्या खोलीला मोठ्यानं वाचून दाखवला. खाली रमाबाई माळ ओढत ऐकत होत्या.

५

आष्टीच्या शाळेत बायका मावत नव्हत्या. खिडक्यांच्या बारदानांतून दुपारचं ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी आत येत होतं. साहेबांची गाडी परतूरलाच बंद पडल्याचा निरोप आला, तसा केशव मोकळा झाला, हसून बोलायला लागला. तेवढ्यात पुढच्या रांगेत एक वाळलेली म्हातारी येऊन बसली आणि त्यानं डोकं व्हीसीआरमध्ये घातलं. उमाला कुणी ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

चित्र सुरू झालं. उमाचा आवाज आला. एकजण शेजारणीला म्हणाली, "ह्या गोऱ्या बायका मराठी कशा काय बोलून राह्यल्या गं?" हशा झाला. चार वाक्यं संपली.

"आमी रोज येऊन इचारतो," तो मऊ, घोगरा आवाज म्हणाला. "आमचं लेकरू कुठंय? कुनी सांगून नाही राह्यलं."

सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. "अगं, ही आमची द्वारकी हाय," त्या म्हणाल्या, इतक्या साध्या सुरात, की लेक नुसती विहिरीवरून आली असावी. त्या टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर हात फिरवायला लागल्या. "द्वारके? ए माय, कुठून बोलून राह्यली तू?"

केशवनं वायर ओढली. काच काळी झाली. बायकांच्या रांगा हळूहळू पुढं सरकल्या. दारापाशीही बायकाच होत्या.

"जावईबापू," सगुणाबाई म्हणाल्या, "माझी पोर कुठं हाय?"

"मामी, तुमचा गैरसमज होतोय." केशवच्या ओठावर घाम होता, पण भाषणाची सवय तोंडात होती. "हा ह्या ताईंचा आवाज आहे, माझ्या मिसेसचा. सगळ्या कॅसेटींना हीच बोलते. उमा, सांग त्यांना."

सगळ्या माना उमाकडं वळल्या. याच घटकेसाठी तर ती आली होती. एकच वाक्य बोलायचं होतं. नुसतं बोललं तरी पुरे होतं, कारण तिचा पातळ आवाज ऐकला की शेंबड्या पोरालाही फरक कळला असता. तिनं सगुणाबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "आई, हा माझा आवाज न्हाई."

खोलीत मऊ, घोगरा, शेवटी जरासा खाली बसणारा आवाज उमटला.

मग मागून एकजण हसली. "अगं, तोच तर हाय की! लाजून राह्यली बया."

"न्हाई," उमा म्हणाली. "ही मी न्हाई बोलत. इचारा त्यांना, सोडू नका." प्रत्येक शब्द त्याच आवाजात बाहेर पडत होता. ती जितकी जीव तोडून सांगायची तितका तो जास्त गोड होत होता. घाबरून तिनं मान वळवली तर समोर टीव्हीची काळी काच होती. तीत बारदानाचे ठिपके होते, बायकांची डोकी होती, केशव होता, ती होती. शब्द अजून चालू होते. काचेतल्या उमाचे ओठ मिटलेले होते. तिच्या खांद्यामागं, जिथं नुसती भिंत होती, तिथं पदराचा एक काठ हलत होता.

सगुणाबाईंनी बोटांनी उमाचा गळा चाचपला. घशाचं हाड वरखाली झालेलं त्यांना लागलं असावं. त्यांचे खांदे पडले.

"हिचाच हाय," त्या बायकांना म्हणाल्या. "माझं म्हातारीचं कान. आवाजासारखा आवाज असतो बाई." आणि उमाच्या गालावर हात ठेवून, "सुखी ऱ्हाय. जावयाला बोल लावला मी भरल्या सभेत."

बायकांनी दार मोकळं केलं. कुणीतरी सगुणाबाईंना धरून नेलं. कुणीतरी केशवला चहा आणून दिला.

६

केशवनं चहा घेतला नाही. कप हातात धरून तो उमाकडं बघत होता. गर्दीला समजलं नव्हतं ते त्या खोलीत त्या एकट्याला समजलं होतं; बायकोचा आवाज कसा आहे हे नवऱ्याला ठाऊक असतं, आणि पहिलीचाही.

जीपमध्ये त्यानं तिला मागं बसायला सांगितलं. मग टीव्ही मागं आहे म्हणून पुढं बोलावलं. मग आरसा फिरवून ठेवला. परतूर गेलं, जालना गेलं, राजूरच्या पुढं दिवस कलला, तरी त्यानं आरसा सरळ केला नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो तिला भ्यायला होता, आणि ह्याचं तिला सुख व्हायला हवं होतं. ते होईना. घसा मोकळा करून बघावा, नुसतं एकदा आपल्यापुरतं 'बेबीनंदा' म्हणून बघावं, असं तिला राहून राहून वाटत होतं. पण म्हणायला तोंड उघडलं आणि कोण बोललं तर? ती दात घट्ट मिटून बसली. आज आष्टीत एका मायेला तिची लेक सापडता सापडता तिच्याच तोंडानं हरवली होती. मदतीला म्हणून जे बोलली त्यानंच नवरा सुटला होता. असं का व्हावं, हे विचारायला सुद्धा आवाज लागतो.

भोकरदन आलं तेव्हा अंधार पडायचा होता. रमाबाई उंबऱ्यात निवडण घेऊन बसल्या होत्या.

"आले का? कसा झाला तुमचा मेळावा?" त्यांनी सुपातून मान वर केली. "बोलली का गं बायकांत, का बसली मुक्यावानी?"

"आई, तिला काही विचारू नको," केशव जीपजवळूनच म्हणाला.

"का रं? मला सुनेशी बोलायची चोरी हाय का? सकाळधरनं घरात भिंतींशी बोलून राह्यले मी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बोल गं. एवढं काय तोंड शिवल्यावानी करून राह्यली? बोल म्हनते ना!"

"आई!"

उमा पायरीपाशी उभी होती. केशव एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक. रमाबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या, सासूच्या हक्कानं, भुवया उंचावून, उत्तराची वाट बघत.

ओठ उघडण्याआधीच उमाला आपल्या छातीत एक श्वास भरताना जाणवला. तो तिनं घेतलेला नव्हता.